ती गाठ माझी होती

वामन गेला त्याला तीन आठवडे झाले. तेराव्याला सिंधीपुऱ्यात त्याच्या दारात आम्ही उरलेसुरले म्हातारे पंगतीला बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, "साऱ्या जिंदगीत वामनदादाची एकच गाठ सुटली, अन् तीही साहेबाच्या गळाची!" सगळे हसले. त्याचा मुलगाही हसला. मी मान खाली घालून जेवत राहिलो... ती गाठ वामनची नव्हती. माझी होती.

नवा मध्य प्रदेश होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. आम्ही दोघं विशीतले, बेकार, दिवसभर ताप्तीच्या घाटावर गळ टाकून बसणारे. तोवर सगळं सुती दोरीवर चालायचं. मग नायलॉनचा तंगूस, तो काचेसारखा धागा, आला. पाण्यात न दिसणारा, पण निसरडा. मागे गोफासारखी विणलेली दोरी आणि गळाशी हातभर तंगूस, असा जोड द्यायचा, तर जुन्या गाठी त्यावर टिकेनात. वामनने कित्येक दिवस खटपट करून एक गाठ बसवली. तंगुसाचा फासा करायचा, त्यावर दोरीचे दहा वेढे शेजारी शेजारी घ्यायचे, टोक फाशातून परत काढायचं, थुंकीने ओलं करायचं आणि सावकाश ओढायचं. "कोरडी ओढली तर दिसते पक्की, पण दगा देते," तो म्हणायचा. तो डावखुरा होता. त्याचे वेढे आमच्यापेक्षा उलटे पडायचे.

मासळी खात्याचे नवे साहेब आले. नदीवर हिंडायला त्यांना एक माणूस कायमचा हवा होता आणि वामनचं नाव जवळजवळ ठरलं होतं. त्या सकाळी साहेब स्वतः गळ टाकणार होते. वामन गांडुळं काढायला जाताना मला म्हणाला, "जोड देऊन ठेव. ओली कर बरं! तुले नेहमी जल्दी राहते."

साहेब घड्याळ बघत होते. मी कोरडीच ओढली.

मोठा महसीर मासा गळाला लागला. साहेबांच्या हातातली काठी वाकून कमान झाली... आणि एकदम सरळ झाली.

"गांठ किसने बांधी थी?" साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी वामनकडे पाहिलं. त्याने दोरीचं टोक बोटांत धरलं. वेढ्यांचे वळ अजून त्यावर होते, उजव्या हाताचे. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं.

नोकरी मला मिळाली. वामन यंत्रमागावर कामाला लागला. त्याने आयुष्यभर कापसाची धूळ छातीत घेतली आणि मी पेन्शनीपर्यंत नदीच्या वाऱ्यावर हिंडलो. दर दिवाळीला सांगायचं ठरवून त्याच्याकडे जायचो. वहिनी फराळाची ताटली पुढे करायच्या आणि मी चकलीबद्दल बोलायचो.

शेवटचा गेलो तो सांगायलाच. निमित्त म्हणून, जोड देऊन घ्यायला, माझा गळ नेला होता. तो खाटेवर उशांना टेकून बसला होता, बोलताना धाप लागत होती. दहा वेढे घ्यायला त्याला अर्धा तास लागला. मग गाठ माझ्यापुढे धरून म्हणाला, "माझं तोंड सुकलं आहे बे. तू ओली कर."

मी केली. एकेक टोक धरून आम्ही दोघांनी ओढली.

"आता नाही सुटत," तो म्हणाला, आणि वाट पाहत राहिला... मी गळ गुंडाळून निघालो.

तो गळ इथल्याच लालबागेत माझ्या घरी खुंटीवर आहे. रोज सकाळी मी ती गाठ ओढून बघतो. दोरी बोटांत रुतते. गाठ हलत नाही.