खंडेनवमीनंतर अडकलेलं शटर

बाबांनी निवृत्त झाल्यावर कॅमेरा घेतला. इतरांचे बाबा निवृत्त झाले की तीर्थयात्रेला जातात नाहीतर सोसायटीच्या राजकारणात शिरतात. आमचे बाबा गोदावरीच्या काठावर बगळ्यांच्या मागे गेले. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस, त्यामुळे त्यांना फोटोपेक्षा त्यामागचं शास्त्रच जास्त प्रिय. नांदेडच्या आमच्या घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला बगळा दाखवला जायचा, आणि तो कोणत्या उजेडात, किती वेगाने टिपला हे पूर्ण ऐकल्याशिवाय चहा बाहेर यायचा नाही. मी इथल्याच एका कॉलेजात शिकवते आणि आईबाबांसोबतच राहते, त्यामुळे बगळ्यांच्या बाबतीत माझ्याइतका अनुभव कुणाच्याही गाठीशी नसेल.

या सुखी संसारात आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, निलंग्याला असते. लातूरच्या डॉक्टरांनी तिला हृदयाची बायपास सांगितली होती, दसरा झाला की लगेच. ही बातमी तिनं दोन वाक्यांत उरकली आणि मूळ मुद्द्यावर आली.

"भाऊ, आप्रेशनच्या आधी माझा एक चांगला फोटो काढ."

"अक्का, काहीतरी बोलू नकोस."

"काय वाईट बोलले? आमच्या जावेचं बघितलं न्हाईस का? ती गेली तर घरात तिचा एक धड फोटो न्हाई. पोरांनी आधार कार्डावरचा मोठा करून भिंतीला लावला. त्याला हार! माझा आधारवरचा फोटो कसा हाय, ठाऊक हाय ना तुला? घरावर जप्ती आल्यासारखी दिसते मी. तसं मला लटकवू नका. आणि एक सांगू का? नांदेडच्या सगळ्या बगळ्यांचे फोटो काढलेस तू. बहिणीचा एक न्हाई काढलास."

फोन स्पीकरवर होता. बाबा चष्मा काढून पुसत बसले. आरोप खरा होता, पण त्यालाही कारण होतं. आत्या बोलायची थांबत नाही. आमच्या नात्यातल्या कुठल्याही लग्नाचा अल्बम उघडा, आत्या कुठेतरी असतेच आणि तिचं तोंड उघडंच असतं. कधी आचाऱ्याला सूचना, कधी नवरीला उपदेश, एकदा तर फोटोग्राफरलाच. तोंड मिटलेली आत्या आजवर फक्त सरकारला सापडली आणि त्याचं काय झालं ते तिनंच सांगितलं. बाबांनी दसऱ्यानंतरचा रविवार कबूल केला. रविवारी निलंग्याला जाऊन फोटो काढायचा आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन लातूरच्या दवाखान्यात.

मध्ये खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा असते आणि 'हत्यार' या सदरात काय काय येतं हे आमच्या घरी आई ठरवते. विळी, कात्री, शिलाई मशीन, स्कूटर हे ठीक. मिक्सर आणि इस्त्रीही येतात. माझा लॅपटॉप मी आदल्या दिवशीच कपाटात कुलूप लावून ठेवते, कारण एका वर्षी त्याच्या कळांमधून अक्षता काढताना माझा पारा चढला होता. बाबा मात्र भाबडे. ते आंघोळीला गेले आणि कॅमेरा टेबलावर होता.

दसऱ्याच्या सकाळी बाबा सरावासाठी म्हणून गॅलरीत गेले. आत्याला टिपायचं तर वेग हवा, ती तोंड मिटेल तो क्षण पकडायला सेकंदाचा हजारावा भाग, असा त्यांचा हिशोब होता. त्यांनी आईला उभं केलं, बटण दाबलं. नेहमीच्या 'खटक' ऐवजी काहीतरी 'खर्रक' असं वाजलं. पडद्यावर आई आली, पण हनुवटीपासून खाली. वरचा भाग काळाभोर. दुसरा फोटो काढला, तिसरा काढला. साडी होती, पदर होता, हातातला झेंडूचा हार होता, फक्त डोकं नव्हतं.

आईनं चष्मा लावून नीट पाहिलं. "चला, इतक्या वर्षांनी तुमच्या मनातलं बाहेर आलं," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढचे काही दिवस आमच्या घरात फक्त शटर हा विषय होता. कॅमेऱ्याच्या आत दोन पातळ पडदे असतात. बटण दाबलं की ते क्षणभर बाजूला होतात, उजेड आत जातो आणि फोटो उमटतो, हे मला एव्हाना झोपेतही सांगता येतं. बाबांनी बॅटरी बदलली. कार्ड बदललं. लेन्स काढून तिच्या तांब्याच्या टिकल्या खोडरबरानं घासल्या. कॅमेऱ्याच्या सगळ्या सेटिंग पुसून पहिल्यासारख्या केल्या, त्यामुळे तो आमच्याशी जपानी भाषेत बोलायला लागला आणि त्याला पुन्हा इंग्रजीवर आणण्यात माझी एक संध्याकाळ गेली. इंटरनेटवर एक पोरगा हिंदीतून शटरबद्दल व्हिडिओ करतो, तो बाबा रोज पाहायचे आणि मध्येच थांबवून त्याच्या चुका काढायचे. तो पोरगा बिचारा ऐकून घ्यायचा.

फोटोंत आणखी एक गोष्ट दिसत होती. ठिकठिकाणी पिवळसर ठिपके. बाबांनी त्याच्यावर सविस्तर विचार केला. ऑक्टोबरचं ऊन, समोरच्या बंगल्याचा पिवळा रंग, सेन्सरचं वय, असे तीन सिद्धांत मांडले. मी टोमॅटो चिरत होते. आई माझ्याकडे बघत नव्हती आणि आई कुणाकडे बघत नसली की मला सगळं कळतं.

शेवटी बाबांनी लेन्स काढून आत टॉर्च मारला. मग सावकाश म्हणाले, "ही हळद आहे."

"असणारच," आई म्हणाली. "खंडेनवमीला काय शेंदूर लावतात?"

"अगं, पण आत?"

"तुम्हीच सांगता ना पाहुण्यांना, कॅमेरा वेगळा आणि लेन्स वेगळी म्हणून. मग दोन हत्यारं झाली. दोघांची वेगवेगळी पूजा केली. तुम्ही काढता तसंच ते फिरवून काढलं मी, नीट."

खरं तर बाबांना चिडायचं होतं, पण आपलं बोलणं घरात कुणीतरी एवढं लक्ष देऊन ऐकलं होतं याचा आनंदही लपत नव्हता. त्यांनी रबरी पंपानं फू फू करून हळद उडवली. कोरडी होती ती निघाली. ओलं बोट लागलं होतं तिथली वाळून घट्ट बसली होती आणि त्या नाजूक पडद्याला हात लावायची त्यांची हिंमत होईना. गावातल्या दुकानदारानं आत एक नजर टाकून सांगितलं की हे पुण्याला पाठवावं लागेल, दिवाळीनंतर मिळेल. आत्याचं ऑपरेशन मंगळवारी होतं.

"बाबा, माझ्या मोबाईलनं काढू," मी म्हणाले. "चांगला येतो हल्ली."

"तिनं माझ्याकडे मागितलाय," बाबा म्हणाले. एवढंच. पण ज्या आवाजात म्हणाले तो ऐकून मी मोबाईल बाजूला ठेवला. फोटोचं निमित्त होतं, बाबा ऑपरेशनला घाबरले होते. लहानपणी त्यांची आई गेल्यावर त्यांना या बहिणीनंच वाढवलं आहे. आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं तर यांच्या कॅमेऱ्याला हळद लागलेली.

शनिवारी त्यांनी पुन्हा आईला उभं केलं. या वेळी बटण दाबायचं, वेग थोडा कमी करायचा, पुन्हा दाबायचं. आईच्या अंगावरचा काळा पट्टा हळूहळू वर सरकायला लागला. आधी ओठ आले, मग नाक, मग कपाळ. अर्धा सेकंद ठेवल्यावर अख्खी आई आली, फक्त अंधुक, कारण कुकरची शिट्टी झाल्यामुळे ती निघाली होती. बाबांचा चेहरा उजळला. पडदा मेलेला नव्हता, मंद झाला होता. त्याला वेळ दिला की तो पूर्ण उघडत होता. अट एकच: समोरच्या माणसानं तेवढा वेळ हलायचं नाही.

मी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. आत्यानं हलायचं नाही?

रविवारी निलंग्याला पोचलो तेव्हा आत्या जरीकाठाची हिरवी साडी नेसून दारातच उभी होती. बारीक झाली होती. दोन पायऱ्या चढली की थांबत होती, पण थांबल्यावरही बोलत होती. तिला सगळा प्रकार सांगितला तेव्हा ती आईच्या बाजूनं उभी राहिली.

"वैनीनं पूजाच केली ना? शिव्या तर न्हाई दिल्या त्या डब्ब्याला?"

एवढा वेळ शटर उघडं ठेवायचं तर उजेड कमी हवा, म्हणून बाबांनी तिला अंगणातून उठवून आतल्या खोलीत नेलं, ज्वारीच्या पोत्यांसमोर खुर्ची टाकली आणि खिडकी अर्धी लोटली.

"दुनिया फोटोला उजेडात नेती, हा अंधारात नेऊन राहिला," आत्या म्हणाली. "चांगलं हाय. सुरकुत्या दिसायच्या न्हाईत."

कॅमेरा ट्रायपॉडवर चढला. बाबा वाकले. "अक्का, आता बोलू नकोस. मी सांगेपर्यंत."

"हाव. न्हाई बोलत. तू असा वाकून उभा राहू नको, कंबर धरंल तुझी—"

खर्रक.

"अक्का!"

"बरं, बरं."

पुन्हा दाबलं तेव्हा तिनं माझ्याकडे वळून विचारलं की मी जेवणात भाकरी खाणार की पोळी. त्यानंतरच्याला तिला हसू आलं. त्यानंतरच्याला दारातून कोंबडी आत आली आणि तिचा समाचार घेणं भागच होतं. बाबा वर्गात चढवायचे तो आवाज चढवायला लागले. मला हसू आवरेना. पण प्रत्येक फोटोनंतर आत्या जरा जास्त दमलेली दिसत होती.

"एकदाच, अक्का," बाबा अगदी हळू म्हणाले. "माझ्यासाठी."

आत्यानं पदर सारखा केला. ओठ मिटले. समोर पाहिलं. खोलीत कुणी हललं नाही. शटर खरखरत उघडलं, मिटलं आणि बाबांनी सुटकेचा श्वास सोडला.

फोटो उत्तम होता. पदराची जर, कपाळावरचं गोंदण, डोळ्यांतला खिडकीचा उजेड, सगळं स्वच्छ. एकही पिवळा ठिपका चेहऱ्यावर नाही. बाबांनी कॅमेरा तिच्या हातात दिला, बगळ्यांच्या वेळी असतो त्याहून मोठा अभिमान तोंडावर होता.

आत्यानं कॅमेरा लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. पहिल्यांदाच ती इतका वेळ काही बोलली नाही.

"ही गेलेली बाई हाय रे भाऊ," ती म्हणाली.

"काय बोलतेस? इतका स्पष्ट आलाय!"

"आला असंल. पण ही कोण? मी अशी कवा बसले?" तिनं अंगठ्यानं मागे मागे जात पहिला फोटो शोधला. त्यात पोती स्पष्ट होती, खुर्ची स्पष्ट होती. आत्याचा मात्र एक हात धुरासारखा हवेत होता आणि तोंडाच्या जागी दोन-तीन तोंडं एकमेकांत मिसळली होती. डोळे तेवढे बाबांवर रोखलेले, काळजीनं. "हा लावा. ह्यात मी बोलून राहिले. पोरं बघतील तर म्हणतील, हाव, हीच ती."

"अक्का, हा हललाय. हा चुकलेला फोटो आहे."

"भिंतीवर कुणाला लावायचंय, मला का कॅमेऱ्याला?"

बाबांनी शास्त्र सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिली. दुसऱ्या दिवशी लातुरात, आत्याला दवाखान्यात दाखल केल्यावर, ते फोटो छापून घ्यायला गेले. मी सोबत होते. स्टुडिओतल्या माणसानं पडद्यावर पाहून प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, हा हललाय. ह्यातला शेवटचा बघा ना, एक नंबर आहे." बाबा म्हणाले, "हाच द्या, मोठा करून." मग थोडं थांबून, "तो दुसरा नकोच."

मंगळवारी ऑपरेशन झालं. नीट झालं, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी एकाला आत सोडलं, बाबा गेले. बाहेर आले आणि आमच्या शेजारी बाकावर बसले. आत आत्याच्या तोंडात नळी होती, डोळे मिटलेले होते, हात सरळ ठेवलेले होते.

"गप्प पडलीय गं," ते आईला म्हणाले.

बाबा त्या बाकावरून उठलेच नाहीत. फोटोचं पाकीट मांडीवर होतं, पण उघडून पाहायचं धाडस त्यांना झालं नाही आणि मलाही नाही. मी इतकी घाबरले होते की आत्यानं कोंबडीला दिलेल्या शिव्या मनातल्या मनात पुन्हा ऐकायचा प्रयत्न करत होते. आईनं डब्यातल्या धपाट्याचा तुकडा मोडून बाबांच्या हातात दिला. तो तसाच हातात राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार ढकलून सिस्टर बाहेर आल्या, कपाळाला आठ्या घालून. "निलंग्याच्या पेशंटसोबत कोण हाय? जरा समजावा त्यांना. नळी काढल्यापासून बोलूनच राहिल्या. घसा दुखंल म्हणलं तर मलाच इचारतात, लग्न झालं का. शेजारच्या काकांना पथ्य सांगून राहिल्या!"

"हो हो, सांगतो," म्हणत बाबा घाईनं उठले आणि लगेच खाली बसले. एवढ्या लोकांत, रुमालही न काढता, मोठ्यानं रडले. सिस्टर बिचाऱ्या घाबरल्या, एवढं काही नाही, एवढं काही नाही, म्हणायला लागल्या. मग बाबा आत गेले. दाराच्या काचेतून आम्हाला दिसत होतं, आत्या बोलत होती आणि बाबा खाटेजवळ उभे राहून नुसतं ऐकत होते.