कठडेताईंचे हात

पोहायला शिकवणाऱ्या बाईंचं एकच वाक्य साऱ्या तलावाला पाठ होतं: "श्वास धरा आणि डोकं खाली!" गळ्यात शिट्टी, डोक्यावर घट्ट रबरी टोपी, कमरेइतक्या पाण्यात पाय रोवून उभ्या असलेल्या बाई हे वाक्य अशा आवाजात सोडत, की पलीकडच्या टोकाला निवांत पोहणारा एखादा गृहस्थही दचकून श्वास धरायचा. बाईंचा नवरा म्हणे, "आमच्याकडे कांदा चिरतानासुद्धा श्वास धरतात."

लहान मुलांना त्या शिकवतच, पण त्यांचा खरा अभिमान म्हणजे सकाळचा बायकांचा वर्ग. पाण्याला भिणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या, "या वयात हे शोभतं का" असं घरच्यांकडून ऐकून आलेल्या बायका. त्यातही कठडेताई म्हणजे बाईंचं खास लेकरू. लहानपणी हौदात पडल्यापासून त्यांनी पाण्याचा जो धसका घेतला, तो घेतलाच. पहिलं अख्खं वर्ष त्यांनी तलावाच्या कडेचा कठडा सोडला नाही. एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने पोहण्याचा प्रकार त्यांच्याआधी कुणी केला नसेल. म्हणून नाव पडलं कठडेताई. एरवी त्यांच्या हाताला तोड नव्हती. बाजाराच्या गल्लीत कपडे आखूड-सैल करून देण्याचं त्यांचं दुकान होतं आणि त्यांनी घातलेला टाका शोधूनही सापडत नसे. पण पाणी दिसलं की तेच हात आखडायचे. शेवटी बाईंनीच त्यांना कठड्यापासून सोडवलं. तेव्हापासून कठडेताईंचं असं झालं, की बाई म्हणतील ती पूर्व दिशा.

प्रवाळाची टूम काढली ती वर्गातल्या दातांच्या डॉक्टरणीने. कपडे बदलायच्या खोलीत केस पुसता पुसता ती म्हणाली, "आपण सगळ्यांनी मिळून बेटावर जायचं. प्रवाळ बघायला. बोटीच्या काचेतून नाही हं, पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरून."

मग काय विचारता! रोज पोहणं कमी आणि खलबतं जास्त. कुठलं बेट, समुद्र कुठल्या महिन्यात शांत असतो, पाणी कधी नितळ असतं, प्रवाळ किती खोल आहे. डॉक्टरणीने भिंतीवर ओल्या टॉवेलांच्या शेजारी नकाशा चिकटवला. प्रवाळ किनाऱ्याजवळ आणि उथळ पाण्यात आहे, असं एक बेट सर्वांच्या पसंतीस उतरलं. "तिथले मासे चावतात का गं?" वर्गातल्या बेकरीवालीने विचारलं. "तुझ्याकडे बघून तेच पळतील," डॉक्टरीण म्हणाली. कठडेताई नकाशासमोर उभ्या राहून केस विंचरत होत्या, आणि त्यांचं केस विंचरणं काही संपत नव्हतं. दुकान बंद ठेवून त्या आजवर कुठेच गेल्या नव्हत्या. "बाई जोडीला असतील तर मी येईन," त्या म्हणाल्या. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बेटावर पाण्याखाली नेणाऱ्या लोकांची अट होती, की आधी आपापल्या तलावात सराव करून यायचं. त्यासाठी डॉक्टरणीने एक तरुण प्रशिक्षक गाठला. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव पाणबुड्या ठेवलं. त्याने कमरेला बांधायची शिशाची वजनं मांडली आणि सांगितलं, की जाड माणूस जास्त तरंगतो, त्याला वजनंही जास्त लागतात. "वजनावर आणखी वजन! देवा, हेच बघायचं राहिलं होतं," बेकरीवाली म्हणाली, आणि हसता हसता दोघींच्या टोप्या निघाल्या.

मग तो एकदम गंभीर झाला. "आता नीट ऐका. पहिला नियम. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसाला इजा होते. दुसरा नियम. जोडीदाराला सोडून जायचं नाही, आणि घाबरून त्याला आवळायचंही नाही. आवळणाऱ्याला मी समुद्रात नेणार नाही."

सगळ्याजणींनी बाईंकडे पाहिलं. जन्मभर जे शिकवलं, त्याच्या नेमकं उलट! बाई हसल्या. "होईल सवय," त्या म्हणाल्या.

कसली होतेय! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बाई खोल बाजूला कठडेताईंच्या समोर गुडघ्यांवर बसल्या. पाणबुड्या शेजारच्या जोडीकडे बघत होता. डोळे-नाक झाकणाऱ्या काचेच्या मुखवट्यात थोडं पाणी घ्यायचं आणि नाकातून फुंकून बाहेर घालवायचं, एवढंच काम होतं. पाणी नाकाला लागलं मात्र, आणि बाईंच्या छातीने आपोआप कुलूप लावलं. सोडा, सोडा, त्या स्वतःला सांगत होत्या, पण छाती ऐकेना. डोळ्यांपुढे पांढरं झालं. कठडेताईंनी हात पुढे करून त्यांच्या दंडाला हलकेच स्पर्श केला. काय होतंय, असं त्यांना विचारायचं होतं. बाईंनी तो हात झटकला, तोंडातली हवेची नळी थुंकली आणि लाथा झाडत वर आल्या. खोकून खोकून त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

पाठोपाठ पाणबुड्या वर आला. मग हळूहळू, नियमाप्रमाणे श्वास घेत, कठडेताई वर आल्या. काठावरून अख्खा वर्ग बघत होता. ज्यांना बाईंनी पाण्यात उभं केलं होतं, त्या सगळ्या.

"काय झालं?" त्याने विचारलं.

आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "हिने धरलं मला."

ते त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं, एवढंच त्यांच्या बाजूने म्हणता येईल. पण एकदा म्हटल्यावर परतही घेतलं नाही, आणि ते मात्र पूर्ण शुद्धीत.

कठडेताईंनी मुखवटा काढला. "मी धरलं, बाई? मी नुसता हात लावला असं मला वाटलं."

"घाबरल्यावर कळत नाही माणसाला," बाई म्हणाल्या. आवाज तोच, शिकवणीचा.

कठडेताईंनी मान हलवली. बाई म्हणतायत म्हणजे तसंच असणार. पाणबुड्याने कठडेताईंना मऊ शब्दांत सांगितलं, की तुम्ही बोटीवर बसा, वरूनही छान दिसतं. बाईंचा सराव त्या दिवसापुरता थांबला. पुढच्या वेळी त्यांनी कान दुखत असल्याचं सांगितलं. बाईंना कोण सरावाला बसवणार? मासोळीला पोहणं शिकवायचं का? नाव राहिलं, अब्रू राहिली. राहिली नाही ती झोप. पडलो तरी नाक वर म्हणतात, पण नाक वर धरून माणूस किती दिवस चालणार?

कठडेताई पोहायला यायच्या बंद झाल्या. कुणी म्हणालं, रागावल्या. ते खोटं आहे हे एकट्या बाईंना माहीत होतं. शेवटी एका दुपारी, प्रवासासाठी घेतलेली विजार आखूड करायच्या निमित्ताने, त्या दुकानात गेल्या. कठडेताई लगबगीने उठल्या, स्टूल पुसलं, मापाची फीत गळ्यात टाकली. रागाचा लवलेश नाही. तेच बाईंना जास्त लागलं.

"पोहायला येत नाही ते?" बाईंनी विचारलं.

"नको आता." कठडेताई खाली बसून विजारीच्या काठाला टाचण्या लावत होत्या. "बाई, एक विचारू? मी खरंच आवळलं होतं का हो तुम्हाला? मी आठवून आठवून थकले. मला फक्त बोटं टेकवलेली आठवतात."

आता बोल, बाईंनी स्वतःला बजावलं. दुकानात दुसरं कुणी नाही. हीच वेळ आहे.

"होतं असं कधी कधी," बाई म्हणाल्या. "मनावर घेऊ नका."

"मनावर नाही, पण भीती वाटते." कठडेताईंनी टाचणी तोंडातून काढली. "भाचीला बाळ झालंय ना, त्याला आंघोळ घालायला मीच जायचे. आता तिला म्हटलं, बाई गं, तूच घाल. पाण्यात माझे हात काय करतात ते माझं मलाच कळत नाही. उद्या त्या जिवाला आवळलं आणि मला पत्ताच लागला नाही तर?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण एक सहल हिरावून घेतली, असंच त्या इतके दिवस समजत होत्या. सहल कुठली, या बाईचे हातच आपण तिच्यापासून काढून घेतले! तरीही त्या तिथे बोलल्या नाहीत. विजार कुठवर हवी ते सांगितलं आणि बाहेर पडल्या. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांना स्वतःची इतकी किळस आली, की भिंतीला टेकून उभं राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी बोट ठरवायची होती. बाईंनी डॉक्टरणीला सांगून कठडेताईंना मुद्दाम बोलावून घेतलं. नकाशाखाली सगळ्या जमल्या, पाणबुड्याही दारात येऊन थांबला. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कठडेताईंनी मला धरलं नव्हतं. मी घाबरले. मी खोटं बोलले."

मग बेकरीवालीने डोळे पुसले. "बघा, याला म्हणतात गुरू!" डॉक्टरीण म्हणाली, "बाई, तुमचं मन मोठं आहे, पण असं दुसऱ्याचं स्वतःवर कशाला घेता? तुम्ही आणि पाण्याला घाबरणार?" कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कठडेताई तर रडायलाच लागल्या. "माझ्यासाठी खोटं बोलू नका हो बाई. मी बसेन बोटीवर. मला चालेल."

खोटं बोललं तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं, आणि आता खरं बोलायला गेलं तर उलट मोठेपणा मिळतोय! लाजेने बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांना वाटलं, राहू द्यावं. आपण सांगून तर टाकलं. पण कठडेताई स्वतःच्या हातांकडे बघत होत्या, दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे राहावी तशा.

"टाकी आण रे," बाई पाणबुड्याला म्हणाल्या. "दोन आण. आणि आम्हा दोघींमध्ये तू बस. आमचा एकमेकींना हात पोचता कामा नये."

त्याने थोडं कमी पाणी असलेली जागा निवडली. बाकीच्या काठावर ओणव्या झाल्या. तळ स्वच्छ दिसत होता. बाईंनी मुखवट्यात पाणी घेतलं. मनात कुठेतरी वाटत होतं, की आज जमेल, आणि जमलं तर आपण खरं बोललो हे कोण मानणार, हीही भीती होतीच. पण छातीने कुलूप लावलं ते लावलंच. दूर बसलेल्या कठडेताईंचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर होते. ते साऱ्या वर्गाने पाहिलं, आणि बाई हातपाय झाडत, पाणबुड्याला ढकलत, नळी थुंकत वर आल्या तेही पाहिलं. त्या काठाला लोंबकळून ओकल्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

कठडेताई सावकाश वर आल्या. मुखवटा कपाळावर सरकवून त्यांनी आधी आपले हात पाहिले, उलटे, सुलटे. मग बाईंकडे पाहिलं.

"मी तुम्हाला काल विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "दुकानात. आपण दोघीच होतो."

"हो," बाई म्हणाल्या.

"तेव्हाही तुम्ही सांगितलं नाहीत."

बाईंच्या नाकातून अजून पाणी गळत होतं. कठडेताई पाणबुड्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्या आवाजात परवानगी मागणं नव्हतं. "मी खाली उतरणार आहे. प्रवाळावर. मला जोडीला दुसरं कुणीतरी द्या. बाई नकोत."

त्यांच्या खांद्यावरचा पट्टा पिळला गेला होता. सवयीने बाईंनी तो सरळ करायला हात पुढे केला. कठडेताई थोड्या बाजूला सरकल्या आणि त्यांनी तो स्वतःच सरळ केला.