दर महिन्याला मरणारे कुपफरकाका

ब्रुकलिनमधल्या आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे, तिसऱ्या मजल्यावरच्या कुपफरकाकांना वेड लागलंय. भर दुपारी माळ्यावर जाऊन किंचाळतात आणि किंचाळून झालं की, "आता जेवायला जाऊ का?" असं शांतपणे विचारतात.

किंचाळणं खरं, विचारणंही खरं. वेड तेवढं खोटं. काका विजारींना इस्त्री करायचे तो कारखाना बंद पडला, तेव्हापासून ते माळ्यावरच्या टॉर्गरसन चित्रकारासमोर पैसे घेऊन चित्रासाठी उभे राहत. टॉर्गरसन मासिकांची मुखपृष्ठं रंगवायचा: मंगळावरचे लोक, घराएवढ्या मुंग्या, बरणीतला मेंदू. असल्या गोष्टींना अजून धड नावही ठरलेलं नाही. पेपरवाला त्यांना 'राक्षसवाल्या' म्हणतो, आम्ही पोरंपोरी 'विज्ञानकथा' म्हणून त्याच्याशी भांडतो. पण राक्षस कुठलाही असो, त्याच्या तावडीतला माणूस मात्र कायम कुपफरकाकाच. गळ्याभोवती व्हॅक्यूम क्लीनरची नळी गुंडाळून ते तडफडायचे. चित्रात त्या नळीला नख्या फुटायच्या.

मला त्यांची नक्कल हुबेहूब येते. मुंगीसाठी लांब 'आऽऽ', यंत्रमानवासाठी तोंड गोल करून 'ओऽ', किरणांनी वितळताना आवाज नाही, नुसते डोळे.

त्यांची बायको फ्रूमाकाकू क्षयाच्या इस्पितळात. काका दर महिन्याला नवा अंक तिला नेऊन देत. एकदा ती त्यांना नावानं हाक मारून म्हणाली, "लेझर, मी इथं पडून काय बघायचं? तुला ह्यानं खाल्लं, तुला त्यानं जाळलं. एक तरी असं आण, ज्यात तू जगतोस. आणि लवकर आण."

त्या 'लवकर'नं काका पार हादरले.

"टॉर्गरसन, एकदा वाचव मला."

"मी कोण वाचवणार? संपादकाला राक्षस लागतो."

"अरे, पण आधी तुझं चित्र होतं, मग लेखक त्यावर गोष्ट रचतो ना? तू मला जिवंत काढ. कसा वाचलो ते तो बिचारा शोधेल!"

टॉर्गरसन कुरकुरत कबूल झाला. यानाच्या दारात, उन्हात, सुखरूप उभा माणूस. पण काकांचा चेहरा काही जमेना.

"हस की!"

"हसतोच आहे."

"हे हसणं? दाढ उपटायला बसल्यासारखा दिसतोस!"

मी कोपऱ्यात बसले होते. मला राहवेना. मी फ्रूमाकाकूच्या आवाजात ओरडले, "लेझर! मफलर कुठाय तुझा?"

काका गर्रकन वळले. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, ते टॉर्गरसननं घाईघाईनं कागदावर उतरवलं.

अंक आला. मुखपृष्ठावर काका तसेच होते, फक्त खांद्यामागून एक जांभळा, केसाळ पाय वर आला होता.

"चित्र परत पाठवलं होतं संपादकानं," टॉर्गरसन ब्रश पुसत खालमानेनं म्हणाला. "म्हणे, ह्या माणसाला झालंय काय? मागून कुणीतरी येऊ दे. नाहीतर अंक खपत नाही."

काकांनी पातं घेऊन तो पाय खरवडून पाहिला, तर कागदच फाटला. मग दुसरा अंक आणला, आणि पायावर अंगठा दाबून धरण्याची त्यांनी जिन्यातच तालीम केली.

"काका, काकूला आधी पायच दिसणार."

"नाही दिसणार."

"पैज?"

"पैज. हरेल त्यानं सोडा पाजायचा."

वॉर्डात लहान मुलांना सोडत नाहीत, म्हणून मी आईचा कोट घालून काकूची मोठी भाची झाले. काकू उशीत बुडाली होती, ओळखू येईना. काकांनी अंक तिच्यासमोर नीट धरला. तिनं तो सरळ त्यांच्या हातातून ओढून घेतला. अंगठा हवेतच राहिला. काका भिंतीकडे बघायला लागले.

काकू कितीतरी वेळ बघत होती. मग म्हणाली, "मी हाक मारली की तू असाच बघतोस." थांबली, श्वास घेतला. "पण मी तर इथं होते. हाक कुणी मारली रे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आईच्या कोटाची कॉलर तोंडापर्यंत वर ओढली.

काकूनं अंक छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. पायाचं नावही काढलं नाही.

येताना कोपऱ्यावरच्या दुकानात सोडा मीच पाजला. काका ग्लास धरून बसून राहिले. फेस पार खाली बसला.