हिरवं म्हणजे पास

“पास करून टाका हो मॅडम, भुका लागल्यात सगळ्यांना,” प्रधान साहेब म्हणाले.

हे वाक्य मी रोज ऐकायचे. मी अंबरनाथच्या एका औषध कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते आणि साहेब प्रॉडक्शन मॅनेजर. फक्त त्या रविवारी आम्ही कारखान्यातले सगळे घरच्यांसह पिकनिकला बदलापूरजवळच्या रानात होतो आणि पास करायचा माल म्हणजे टोपलीभर अळंबी होती.

श्रावण होता, मटण बंद. साहेबांचे वडील अप्पा मूळचे कोकणातले. बायको गेल्यापासून अळंबीचं कालवण त्यांच्या पानात पडलं नव्हतं. सकाळी रानाच्या कडेला गवतात पांढऱ्या छत्र्या दिसल्या आणि अप्पा हरखले. मला मात्र लक्षण ठीक दिसेना. आपण खातो ती अळंबी वारुळावर उगवते, तिचं मूळ लांब जमिनीत गेलेलं असतं. हिला मूळ नव्हतं, दांड्याला कडं होतं.

“रिजेक्ट,” मी म्हटलं.

“नुसतं बघून? टेस्टशिवाय रिजेक्ट करता येत नाही, हे तुम्हीच सांगता ना?”

आता आली का पंचाईत! टेस्ट होती, पण वेळखाऊ. छत्री कापून कागदावर पालथी ठेवायची, वर पातेलं झाकायचं. काही तासांनी तिची बारीक भुकटी खाली पडते. भुकटीच्या रंगावरून जात कळायला मदत होते. मी पांढऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत ‘होल्ड’ लिहिलं, त्यावर छत्री ठेवली, निकाल लागेपर्यंत टोपलीला हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं आणि बायकांबरोबर ओढ्यावर गेले.

दुपारी परत आले तर कालवणाचा वास सुटलेला. अप्पांच्या हातात पहिला घास.

“अप्पा, खाली ठेवा!” मी ओरडलेच.

अप्पांनी घास ठेवला. “काय झालं गो बाय?”

साहेब तावातावाने उठले. “अहो, टेस्ट पास झालीय! मी स्वतः पातेलं उचलून बघितलं. हिरवं आलंय!”

कारखान्यात तपासणी चालू असलेल्या ड्रमवर पिवळं लेबल असतं. माल पास झाला, की त्यावर हिरवं चिकटवतात. साहेबांची अर्धी हयात ते हिरवं बघण्यात गेली होती.

“आणि होल्ड लिहिलं होतं त्याचं काय?”

“ते तुम्ही आधी लिहिलेलं. हिरवं त्याच्यावर आलं!”

हिरवी भुकटी विषारी छत्रीची असते, हे मी सांगितल्यावर साहेब जरा पांढरे पडले. मीठ बघायला त्यांनी दोन फोडी खाल्ल्या होत्या. संध्याकाळभर उलट्या, मग बदलापूरच्या दवाखान्यात सलाइन. निभावलं. अप्पांच्या वयाला निभावलं नसतं.

पिकनिकला अप्पा कोरडी भाकरी खाऊन उठले, ते काही माझ्या डोळ्यांपुढून जाईना. पुढच्या रविवारी मी बाजारातून वारुळावरची अळंबी आणली, निरखून घेतली, कालवण केलं आणि डबा घेऊन हेंद्रेपाड्याला त्यांच्या घरी गेले.

अप्पांनी घास घेतला. दुसरा घेतला. मग म्हणाले, “तीपण खोबरं असंच भाजायची.”

साहेबांनी डबा जवळ ओढला, हुंगला, पुन्हा दूर सरकवला.

“मॅडम, रिपोर्ट कुठाय?”

प्रॉडक्शनने स्वतःहून रिपोर्ट मागितल्याचं माझ्या नोकरीतलं हे एकमेव उदाहरण. त्यासाठी सलाइन लागतं.