नारळाच्या पुढं कुणी जायचं नाही

चार सायकलवाले एकत्र बसले की चाकांपेक्षा तोंडं जास्त फिरतात. आमच्या जुन्नरच्या सायकल क्लबला पन्नाशी आली, म्हणजे किस्से किती साठले असतील बघा! आता क्लबनं आपला इतिहास छापलाय. गुळगुळीत कागद, पानोपानी अध्यक्षांचे फोटो, आणि माझ्या वाट्याला एक ओळ: 'महिलांनी न्याहारीची व्यवस्था चोख ठेवली.' महिला म्हणजे मी एकटी! म्हटलं, छापलेलं तुम्ही ठेवा, घडलेलं मी सांगते.

*

क्लब सुरू झाला रशीदभाईंच्या भाड्याच्या सायकलींवर. पहिलीच फेरी ओझरच्या विघ्नहराला. गडी सुटले शर्यत लावल्यासारखे. देवाचा नारळ मात्र आमच्या पहिल्या अध्यक्षांच्या, हेडमास्तरांच्या क्यारेजला, आणि हेडमास्तर सगळ्यात शेवटी! बाकीचे देवळासमोर उन्हात वाळत बसले. मास्तर धापा टाकत आले आणि गरजले, "नारळाच्या पुढं कुणी जायचं नाही! आजपासून हाच नियम!"

क्लबला तेवढा एकच नियम आहे. बाकी सगळी मनमानी.

तेव्हापासून नारळ अध्यक्षांकडं. अध्यक्ष पुढं, क्लब मागं, आणि सगळ्यांच्या मागं टेम्पो. टेम्पोत पोह्यांची कढई आणि मी.

मला टेम्पोची हौस नव्हती. आमच्या मालकांच्या काळ्या सायकलवर मी माझी मी शिकले, ढेकळांत पडून पडून. अक्षरंसुद्धा तशीच शिकले, रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांवरनं. मला एकदा क्लबाबरोबर ओझरला सायकलवर जायचं होतं. एवढंच. दरवर्षी विचारायची आणि दरवर्षी तेच उत्तर, "आक्का, तुमी सायकलवर आलात तर पोहे कोण आणणार?"

*

आत्ताचे अध्यक्ष विलासराव. खताचं दुकान आहे, आणि डोळ्यांवर गॉगल असा की समोरचा हत्तीसुद्धा दिसू नये. पहिल्याच वर्षी ओझरचा फाटा त्यांनी सोडला आणि सरळ दामटली. मागच्यांना फाटा दिसला नाही का? दिसला की! पण नारळाच्या पुढं जाऊन सांगणार कोण? मागनं हाका मारल्या, तर विलासरावांना वाटलं, लोक जयजयकार करतायत. त्यांनी हात हलवला आणि पायडल आणखी जोरात मारलं.

सगळा क्लब आळेफाट्यावरनं थेट बेल्ह्याच्या बैलबाजारात!

तंग चड्ड्यांतले आमचे वीर बैलांच्या रांगेत उभे. एका व्यापाऱ्यानं विलासरावांना खालीवर न्याहाळलं आणि मला विचारलं, "मावशी, ह्यांना वैरण कमी पडती व्हय?"

मी म्हटलं, "वैरण लई हाय. कामाला जुंपत न्हाई कुणी."

*

मग महागड्या सायकली आल्या. चाकं हलकी, किंमत जड. त्या घेऊन मंडळी निघाली आहुप्याला, 'निसर्ग राईड'! घाट लागला तसे एकेक जण खाली उतरले आणि सायकली ढकलायला लागले. डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई त्यांना मागं टाकून पुढं गेली. वळणावर थांबून तिनं विचारलं, "सगळ्याच बिघडल्यात का वो?"

विलासराव म्हणाले, "नाही मावशी, हा आमचा छंद आहे."

"व्हय का? बरं झालं. मला वाटलं, गरिबी हाय."

*

नव्या सायकलींना क्यारेज नसतं. गेल्या वर्षी विलासरावांनी नारळ पाण्याच्या बाटलीच्या जागेत कोंबला. पहिल्याच उतारावर तो निसटला आणि गडगडत सुटला. त्याच्यामागं अध्यक्ष, अध्यक्षांमागं क्लब, सगळे बोंबलत! नारळ पुढं, क्लब मागं. नियम इतका नीट कधीच पाळला गेला नव्हता. नारळ सरळ कालव्यात गेला. क्लब थोडक्यात वाचला.

*

यंदा पन्नाशीची फेरी. निघायच्या सकाळी चौकात पंचाईत: नारळ बांधायचा कुठं? एकाही सायकलला क्यारेज नाही. टेम्पोत ठेवावा तर टेम्पो मागं! मग सगळ्यांची नजर माझ्या काळ्या सायकलवर. मी ती मुद्दामच आणली होती.

विलासराव गोड आवाजात म्हणाले, "आक्का, तुमची सायकल देता का?"

"सायकल माझ्याबिगर जात न्हाई."

"बरं, या. पण जरा मागं मागं राहा."

रशीदभाई आता थकलेत, काठी टेकून उभे होते. ते म्हणाले, "विलासराव, नारळ मागं? मास्तर वरून चप्पल फेकून मारतील!"

नारळ लाल फडक्यात बांधला, पदर खोचला आणि निघाले. रिकामा टेम्पो चौकातच उभा राहिला. कधी सायकलच्या चालीनं, कधी माझ्या मनाच्या चालीनं. चढाला दम घेतला, उसाच्या रसवंतीपाशी पाणी प्यायले, ओळखीची बाई भेटली तर उभ्या उभ्या तिच्या सुनेचं बाळंतपण ऐकलं. मागं एकवीस-एकवीस गेअरांच्या सायकलींवाले एक पाय टेकवून उभे! एकानं घंटी वाजवली. मी मान वळवून नुसतं बघितलं. परत वाजली नाही.

ओझरला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. मंडळी पायरीवर आडवी झाली. विलासरावांनी गॉगल काढला, पोटावर हात फिरवला आणि हाक मारली, "आक्का, लई भूक लागली. पोहे कुठं हायत?"

मी क्यारेजवरचा नारळ सोडत म्हटलं, "अध्यक्ष, नारळ पुढं येतो. पोहे मागनं येतात. मागं कोण राहिलंय, बघा की."

आणि विलासरावांनी खरंच मागं वळून बघितलं.