मन, मेंदू आणि लेलेसर

आमच्या डिपार्टमेंटची माणसं आता कुठे कुठे पांगलीत. पण कुणाच्या लग्नात म्हणा, तेराव्याला म्हणा, दोघं जरी भेटलो तरी तब्येतीची चौकशी संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "लेलेसरांचं ते आठवतं?" मग एकातून दुसरं निघत जातं. सुरुवातीला हसतो. नंतर नाही हसत.

मी चंडीगढला आले ती नवऱ्याच्या एअर फोर्समधल्या पोस्टिंगमुळे. नागपूरचं एम. ए. होतं, म्हणून विद्यापीठात तत्त्वज्ञानाची टेम्पररी लेक्चरर झाले. साल सत्तरच्या आसपासचं. लेलेसर तिथे प्रोफेसर, मूळचे मिरजेचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "शैला, आलीस ते बरं झालं. इथे कुणाशी भांडायचं म्हणजे आधी भाषांतर करावं लागतं!"

*

सरांचा विषय भौतिकवाद. मन नावाची वेगळी वस्तू नाही, जे काही आहे ते मेंदूतच, हे त्यांचं म्हणणं. नव्या वर्गाला ते सरळ सांगत, "मन म्हणजे मेंदू. कोर्स संपला. आता शंका विचारा."

एकदा मागच्या बाकावरून एक सरदार मुलगा उठला. "सर, प्यार भी?"

"प्यार भी. बस, जगह ढूँढ रहे हैं।"

"मिल जाए तो बताना, सर. मेरेवाला ठीक करवाना है!"

*

बाजवासाहेब आमचे सीनियर. रोज सकाळी गुरुद्वारात जाऊन मग डिपार्टमेंटला येणारे, आत्म्यावर पक्का विश्वास. स्टाफरूममध्ये त्यांची आणि सरांची रोज जुंपायची, आणि चहा मात्र दोघं एकमेकांना पाजायचे.

एकदा सरांची दाढ दुखायला लागली. गाल सुजलेला, डेंटिस्टकडे निघाले होते. बाजवासाहेबांनी गाठलंच. "लेलेजी, दर्द तो दिमाग में होता है न? फिर दाँत क्यों निकलवा रहे हो?"

सर गाल धरून म्हणाले, "दिमाग निकालनेवाला इस सेक्टर में नहीं मिला, जी!"

*

तेव्हा चंडीगढात गणपतीची मूर्ती सहज मिळत नसे. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वतःच माती कालवून मूर्ती घडवायच्या. सर पूजेला बसायचे नाहीत. एका वर्षी प्राणप्रतिष्ठा चालली होती आणि हे शेजारच्या खोलीतून ओरडले, "अगं, ती माती आहे!"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अहो, माणूससुद्धा नुसती मातीच म्हणता ना? त्या मातीला मन येतं. मग ह्या मातीनं काय घोडं मारलंय?"

थोड्या वेळानं सर आले आणि गुपचूप आरतीला उभे राहिले. मला हळूच म्हणाले, "मुद्दा तपासावा लागेल."

*

दोन-तीन वर्षांनी वहिनींचं डोकं दुखायला लागलं. मग भाजीत मीठ दोनदा पडायचं, बोलता बोलता शब्द सापडायचा नाही. हॉस्पिटलमध्ये दाखवलं तर मेंदूत गाठ निघाली. मुलंबाळं नव्हती, म्हणून सरांबरोबर मी गेले.

सर्जननं फिल्म उजेडासमोर धरली आणि इंग्रजीतून समजावलं. गाठ कपाळामागे आहे. काढावीच लागेल. जीव वाचेल, पण स्वभाव बदलू शकतो, आठवणी जाऊ शकतात. बोलता बोलता त्याला कळलं की सर काय शिकवतात. "मग तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हाला हे माहीतच आहे."

सर त्या फिल्मकडे बघत होते.

"मी हे शिकवतो, डॉक्टर," ते म्हणाले. "मला हे माहीत नव्हतं."

*

ऑपरेशन झालं. वहिनी वाचल्या. पण घरी आल्या त्या कुणी वेगळ्याच. कुणाला 'अरे' न म्हणणारी बाई भांडी फेकायची, शिव्या द्यायची. कधी दिवस दिवस भिंतीकडे बघत बसायची. सरांना तर त्यांनी ओळखलंच नाही.

सरांनी रजा घेतली नाही. शेजारच्या बाईंना बसवून ते क्लासला यायचे. त्या टर्मला मी त्यांच्या वर्गात मागे बसायचे, पेपर आमच्या दोघांत वाटलेला होता म्हणून. नेहमीचं उदाहरण आलं. "समजा, एका बाईच्या मेंदूला इजा झाली..." एवढं बोलले आणि थांबले. खडू हातात.

मुलं वाट बघत होती. एकानं विचारलं, "फिर, सर?"

"फिर," सर म्हणाले, "खाना खुद बनाना पड़ता है।"

वर्ग खो खो हसला. त्यांना कुठे काय माहीत!

*

बाजवासाहेब भेटायला आले तेव्हा वहिनी आत ओरडत होत्या. त्यांनी सरांचा हात हातात घेतला. "लेलेजी, हौसला रखो. आत्मा को कुछ नहीं होता. भाभीजी अंदर वैसी की वैसी हैं, सब देख रही हैं।"

सरांनी हात सोडवला नाही.

"बाजवाजी, वो अंदर है और ये सब देख रही है? इससे बड़ा नरक क्या होगा? मेरी थियरी में कम से कम उसे छुट्टी तो मिली है।"

बाजवासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर आत्म्यावरून ते सरांशी कधीच वाद घालायला गेले नाहीत.

*

आणि हा शेवटचा किस्सा. वहिनी गेल्या त्याच्या थोडे दिवस आधीचा. दुपारी मी डबा घेऊन गेले होते. वहिनी त्या दिवशी शांत होत्या. सर जवळ खुर्ची घेऊन त्यांना संत्र्याच्या फोडी सोलून देत होते.

वहिनी त्यांना म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही रोज येऊन बसता. घरी बायको नाही का?"

"आहे की."

"कशी आहे?"

"फार चांगली आहे."

"मग इथे काय करताय? जा घरी. वाट बघत असेल ती."

सरांनी उरलेलं संत्रं माझ्या हातात दिलं. मग उठले. हात पुसले, कोट घातला, चपला घातल्या. "येतो," म्हणाले आणि दार ओढून घेऊन निघून गेले. मी खिडकीतून पाहिलं, फाटकापर्यंत जाऊन ते उभे राहिले होते. बराच वेळ. मग वळले, परत आले आणि त्यांनी घंटी वाजवली. मी दार उघडलं.

वहिनींनी मान वळवली. पदर सारखा केला.

"अहो, किती उशीर!" त्या म्हणाल्या. "कोण एक मास्तर येऊन बसले होते बिचारे. आत्ताच घालवलं त्यांना."