अंगठ्याची जागा

जुनी लोखंडी कपाटं आणि टेबलं घासून नव्याने रंगवायची, हा त्याचा धंदा. गल्लीत त्याला सगळे फवाऱ्या म्हणत. शेडमध्ये स्प्रे गन सुरू झाली की रंगाचं धुकं उठे, दारातून येणाऱ्या उन्हात तरंगत राही, आणि फवाऱ्याही त्यात कुठेतरी विरून जाई. अशा वेळी गिऱ्हाइकाने हाका मारल्या तरी ‘ओ’ येत नसे.

“तंद्री लागलीय, उगाच घसा कोरडा करू नका,” समोरचा वेल्डर सांगे.

एका सकाळी टेम्पोतून एक टेबल उतरलं आणि मागोमाग त्याची ताई. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. छापखाना बंद पडला, तेव्हा ज्या टेबलावर निम्मं आयुष्य गेलं, तेच तिने भंगारातून उचललं. आता ते घरी खिडकीपाशी मांडून ती एका प्रकाशकाचं काम करणार होती.

“असं कर, की मलाच ओळखू येऊ नये,” ती म्हणाली. “जगाची कपाटं आरशासारखी, आणि बहिणीची खुर्चीसुद्धा गंजलेली. दिव्याखाली अंधार!”

“आणि काम नाही जमलं तर?”

“तर घराला कुलूप लावून लेकीकडे जाईन. जावयाची बोलणी खाईन.”

जावई बिचारा तोंडातून शब्द काढत नसे. पण ताईला तिथे जायचं नव्हतं, एवढं फवाऱ्याला कळलं.

त्याने काचपेपर घेतला. राखाडी रंगाखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली साय धरल्यासारखा पांढुरका. पत्र्याला पडलेल्या प्रत्येक पोच्याभोवती तळ्यात खडा पडावा तशी रंगांची वलयं उमटली. पुढच्या कडेला, डावीकडे, रंग मुळात नव्हताच. पत्रा उघडा, गुळगुळीत, पेराएवढ्या जागेत किंचित खोलगट. ‘भंगारवाल्याने आपटलं असणार,’ असं म्हणत त्याने पुट्टी भरली, कड सपाट केली. मग प्रायमर, आणि वर पहाटेच्या आभाळाचा फिका निळा. शेवटचा हात मारताना त्याला वाटलं, टेबलाचे पाय जमिनीवरून सुटलेत.

“अगं बाई! हे माझं?” ताई म्हणाली. फवाऱ्याला आणखी काही नको होतं.

पुढे एका दुपारी तो उरलेला रंग द्यायला गेला, तेव्हा ती पानांवर डोळे रोखून बसली होती.

“पहिली पानं परत आली. चुका राहिल्यात म्हणे. माझ्याकडून! ही जर धड गेली नाहीत, तर काम दुसऱ्याला देणार आहेत.”

“वाच तू. मी बसतो.”

ती वाचू लागली. उजव्या हातातलं पेन ओळीवरून सरकत होतं. डावा अंगठा टेबलाच्या कडेवर जाई, घसरे, परत येई, पुन्हा घसरे. झोपायची जागा न सापडलेल्या मांजरासारखा.

“ताई, अंगठा काय शोधतोय?”

“कुठला अंगठा?” तिने स्वतःच्याच हाताकडे परक्यासारखं पाहिलं. “छापखान्यात पोरी हसायच्या खऱ्या. म्हणायच्या, वाचताना तुमचा अंगठा कड घासतो, आणि चूक आली की थांबतो. मला कुठे दिसायला!”

खिशातला काचपेपर काढून फवाऱ्या जमिनीवर बसला आणि कड घासू लागला.

“अरे, वेड लागलं का? नवा कोरा रंग!”

“तू वाच.”

निळा गेला, प्रायमर गेला, पुट्टीची भुकटी त्याच्या गुडघ्यांवर सांडली. मधोमध पत्रा उघडा पडला, भोवती निळसर कडं. बोटाने चाचपत त्याने तीच जुनी खोलगट जागा शोधून काढली.

“गंज चढेल ना रे?”

“रोज घासशील तर कशाला चढेल?”

ताईने अंगठा टेकला. पान उलटलं, मग आणखी एक. अंगठा सावकाश मागेपुढे होत होता. मध्येच तो थांबला. तिने तीच ओळ परत वाचली आणि समासात खूण केली.

“डोकं बाजूला घे,” वर न बघता ती म्हणाली. “उजेड अडतोय.”